उमेदवारीचे मोल

गतवर्षीच्या वार्षिक सभेत अहवाल व जमाखर्च मंजूर होऊन मंडळी चहाची वाट पाहत बसली असता, उचगावच्याच एका तरुण सभासदाने उभे राहून एक साधा प्रश्न विचारला. आपल्या ज्ञातिबांधवांच्या वर्कशॉपांतून जी मुले काम शिकावयास येतात, त्यांस महिन्याकाठी कमीत कमी किती द्यावयाचे, हे आपल्या मंडळाने ठरवून द्यावे काय? प्रश्न साधा खरा, परंतु त्यानंतर चहा निवून गेला तरी सभा उठली नाही. वयोवृद्ध मेस्त्री मंडळी म्हणाली, शिकविणारे आम्ही, माल बिघडविणारा तो, हत्यार मोडणारा तो. मग देणे कोणी कोणास लागते? तरुण मंडळी म्हणाली, सहा महिने लोटल्यावर लेथवर उभा राहून दिवसाचा जॉब काढून देतो तो कोण? त्या दिवशी निर्णय झाला नाही. मात्र ऐकता ऐकता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. दोन्ही पक्ष एकाच वाक्याचा आधार घेत होते : "आपल्यात पूर्वीपासून असेच चालत आले आहे." तेव्हा पूर्वीपासून नक्की काय चालत आले आहे, हे एकदा तपासून पाहावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

उचगावकरांस आपल्या गावाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. परंतु ही स्मरणिका मुंबई-पुण्याच्या बंधुभगिनींकडेही जाते, म्हणून दोन शब्द. करवीर तालुक्यातील हे गाव आता कोल्हापूर शहरास इतके लागून आहे की, शीव कोठे संपली ते नवख्यास कळू नये. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा महामार्ग गावाजवळून जातो. त्या मार्गाने उत्तरेस शिरोलीची औद्योगिक वसाहत, दक्षिणेस गोकुळ शिरगावची. शेजारी गांधीनगरची कापडपेठ. सकाळी साडेसातच्या सुमारास उचगावच्या पुलाजवळ उभे राहिले असता, डबा हातात घेऊन दोन्ही दिशांस जाणारी सोळा-अठरा वर्षांची मुले दिसतात. त्यांतील कित्येक आपल्या लोहार-सुतारांच्या घरची आहेत. कोणी फाउंड्रीत, कोणी लेथवर, कोणी फर्निचरच्या शेडमध्ये. या मुलांस आपण "उमेदवार" म्हणतो.

या शब्दापासूनच प्रारंभ करणे योग्य होईल. शब्द फारसी आहे. उमेद म्हणजे आशा, आणि उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. जुन्या कचेऱ्यांतून कारकुनाच्या मागे बसून नकला करणारा, दप्तरे बांधणारा, आज ना उद्या जागा मिळेल या आशेवर वर्षे काढणारा जो तरुण, तो उमेदवार. "उमेदवारी करणे" याचा मराठी अर्थच मुळी बिनपगारी राबणे असा होऊन बसला. पुढे निवडणुका आल्या आणि त्या शब्दास वेगळे तेज चढले. परंतु वर्कशॉपातील मुलाच्या वाट्यास मूळ अर्थच राहिला. आशा हेच त्याचे वेतन. सरकारी मराठीत त्यास "शिकाऊ उमेदवार" म्हणतात, आणि त्यास जे मिळते त्यास "विद्यावेतन". वेतन शब्दाच्या मागे विद्या जोडली की रक्कम लहान झाली तरी चालते, असा एक समज त्यात दडला आहे की काय, अशी शंका आम्हांस नेहमी येते.

आता "पूर्वीपासून" म्हणजे किती पूर्वीपासून? आपल्या कारागीर ज्ञातींविषयीचे सर्वांत जुने लेखी नियम स्मृतिग्रंथांत सापडतात. कारागिराच्या घरी राहून शिल्प शिकणाऱ्यास तेथे अन्तेवासी म्हटले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात त्याविषयी स्पष्ट नियम आहे : शिल्प लवकर हस्तगत झाले तरी अन्तेवासीने ठरलेला काळ पुरा होईपर्यंत गुरूच्या घरी राहावे, गुरूने त्यास अन्न द्यावे, आणि त्याच्या कामाचे फळ गुरूस मिळावे. या स्मृतीवरील मिताक्षरा ही प्रसिद्ध टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणी नगरीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणात लिहिली, आणि पुढे शतकानुशतके आपल्या प्रांतात ती प्रमाण मानली गेली. तेव्हा हा नियम आपणांस परका नव्हे.

येथवर वाचून आमचे मेस्त्री बंधू प्रसन्न होतील. फळ गुरूचे, असे शास्त्रच सांगते! परंतु नारदस्मृती पुढे काय म्हणते तेही पाहिले पाहिजे. शिल्प शिकू इच्छिणाऱ्याने आपल्या आप्तांच्या संमतीने गुरूकडे जावे. किती काळ राहावयाचे ते आधी नक्की ठरवावे. गुरूने त्यास आपल्या घरी जेवू घालून शिकवावे. त्यास दुसरे कोणतेही काम सांगू नये. आणि त्यास पुत्राप्रमाणे वागवावे. निर्दोष गुरूस जो मध्येच सोडून जाईल, त्यास बळाने परत आणावे व तो शिक्षेस पात्र होय, असा कडक नियमही तेथेच आहे. म्हणजे करार दोन्ही बाजूंनी बांधलेला होता. काळ ठरलेला, अन्न ठरलेले आणि दुसरे काम सांगावयाचे नाही. या तिन्हींच्या बदल्यात फळ गुरूचे. आपल्या वर्कशॉपांनी या करारातील शेवटचा भाग तेवढा परंपरा म्हणून जपला आणि पहिले तीन विसरून गेले, असे म्हटल्यास कोणास राग येऊ नये. पोऱ्यास भाजी आणावयास पाठविणे, मालकाची मोटारसायकल धुवावयास लावणे, मालकिणीचे दळण पोहोचविणे, हे नारदास मान्य नव्हते.

स्मृतींतून आपल्या गावगाड्याकडे येऊ. गावगाड्यात लोहार आणि सुतार हे बलुतेदार. नांगराचा फाळ, कुळवाची फास, गाडीची धाव, मोट, पाभर, घराचे आढे-तुळया अशी कुणब्याची सारी कामे वर्षभर करावयाची आणि सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन धान्याचा हिस्सा घ्यावयाचा. या व्यवस्थेत उमेदवाराच्या वेतनाचा प्रश्नच उद्भवत नसे, कारण हिस्सा वतनास मिळे, हातांस नव्हे. लोहाराच्या घरी भात्यावर बसलेला आठ वर्षांचा मुलगा आणि ऐरणीपाशी उभा असलेला बाप, दोघांचे मिळून एकच बलुते. मुलगा शिकतो आहे की राबतो आहे, हा भेद कोणी केलाच नाही. परका उमेदवार क्वचितच येई. आलाच तर तो मामाकडे राहावयास आलेला भाचा असे. आपल्या भागात मामाची मुलगी करण्याची चाल असल्यामुळे उमेदवारी संपता संपता तो जावईही होई, आणि हिशेब घरातल्या घरात मिटे! थट्टा सोडली तरी मुद्दा खरा आहे. ज्या परंपरेचे नाव घेऊन आपण आज मुलांस फुकट राबवितो, त्या परंपरेत तो मुलगा वतनाचा वारस होता. आज आपल्या शेडमध्ये येणारा मुलगा शेडचा वारस नसतो. तो फक्त येतो आणि जातो.

हे बदलले ते रोख पैशाच्या कामाने. कोल्हापुरात त्याचा प्रारंभ राजर्षी शाहू छत्रपतींच्या काळात झाला. १८९५ मध्ये शाहूपुरीची बाजारपेठ वसविण्यात आली, १९०६ मध्ये श्री शाहू छत्रपती स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलची उभारणी झाली. महाराजांनी निरनिराळ्या ज्ञातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली, त्यांत पांचाळांचेही होते, हे आपणा सर्वांस अभिमानाने ठाऊक आहे. उसाचे चरक, गुऱ्हाळांची काहील, नदीवरचे पंप, तेलावर चालणारी इंजिने यांच्या दुरुस्तीतून आपल्या मेस्त्री मंडळींनी ओतकाम आणि यंत्रकाम आत्मसात केले. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कारागीर उद्योजकांची नावे शिवाजी उद्यमनगरात आजही आदराने घेतली जातात. कॉलेजचे तोंड न पाहता, परदेशी इंजिन खोलून, त्याचा प्रत्येक भाग समजून घेऊन आपल्या भट्टीत तसाच ओतणारी ही पिढी होती. या पिढीची शाळा म्हणजे उमेदवारी. दुसरी शाळाच नव्हती.

अशा शाळेचे सर्वांत तेजस्वी उदाहरण मात्र इंजिनांचे नव्हे, चित्रपटांचे आहे, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. बाबूराव पेंटर, म्हणजे बाबूराव कृष्णाजी मेस्त्री (१८९०–१९५४), हे कोल्हापूरचे. सुतारकाम, चित्रकला, शिल्प ही त्यांच्या घरचीच विद्या. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांच्या हातांनी चित्रीकरणाचा कॅमेरा कोल्हापुरातच तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' लोकांपुढे आणला. त्या कंपनीत दामले, फत्तेलाल यांच्यासारखे शिष्य तयार झाले. हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात हात काळे करून आलेले शांताराम वणकुद्रे तेथेच पडेल ते काम करीत शिकले. १९२९ मध्ये या शिष्यांनी बाहेर पडून कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. त्या वेळी गुरूस काय वाटले असेल, याचा विचार प्रत्येक मेस्त्रीने करावा. "शिकला की उडाला" ही आपली नित्याची तक्रार; पोरास पैसे न देण्याचे हेच कारण आपण पुढे करतो. परंतु ते शिष्य उडाले नसते तर 'प्रभात' झाली असती काय? शिकून बाहेर पडणे हा उमेदवाराचा अपराध नव्हे, ती उमेदवारीची सांगता आहे.

इकडे इंग्रजी मुलुखात कायदा काय म्हणत होता? कंपनी सरकारने १८५० मध्ये उमेदवारांविषयी अधिनियम केला. दहा ते अठरा वर्षांच्या मुलांस, विशेषतः अनाथ व गरीब मुलांस, धंदा शिकण्यासाठी करारपत्राने बांधून देण्याची त्यात सोय होती. मुदत अधिकांत अधिक सात वर्षे, आणि तीही वयाच्या एकविसाव्या वर्षापलीकडे जावयाची नाही. ही सात वर्षे इंग्लंडातून आली. तेथे १५६३ च्या कायद्याने कारागिराची उमेदवारी सात वर्षांची ठरविली होती. या अधिनियमाचा रोख मुलास बांधण्याकडे होता. त्यास कमीत कमी किती मिळावे, याचा आकडा त्यात नव्हता. कोल्हापूर हे संस्थान असल्यामुळे येथील लोहारसाळेपर्यंत तो पोहोचण्याचा प्रश्नही नव्हता.

"किमान" हा शब्द या गोष्टीत प्रथम येतो तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हातून. १९२० मध्ये आपल्या जिल्ह्यातील माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी ज्यांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली, तेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि १९४६ च्या एप्रिलमध्ये किमान वेतनाचे विधेयक त्यांनीच मध्यवर्ती विधिमंडळात मांडले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये त्याचा अधिनियम झाला. आमच्या वाचनात जी गोष्ट विशेष भरली ती अशी की, या अधिनियमाने प्रौढ, किशोर, बालके आणि शिकाऊ उमेदवार यांच्यासाठी निरनिराळे किमान दर ठरविण्याची मुभा सरकारास दिली होती. म्हणजे उमेदवाराचे नाव त्यात होते. दर कमी असू शकेल, पण दर असेल, ही कल्पना कायद्याच्या पुस्तकात प्रथमच उमटली. मूळ परिशिष्टात तेलगिरण्या, विड्या, कातडी कमावणे, दगड फोडणे, रस्तेबांधणी असे उद्योग होते, लोखंडकाम नव्हते. राज्यसरकारे पुढे ही यादी वाढवीत गेली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि हे सारे कायदे पंचगंगेच्या काठी आले.

परंतु उमेदवारासाठी खरी व्यवस्था केली ती १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने. हा १ मार्च १९६२ पासून अमलात येऊ लागला, आणि १८५० चा जुना अधिनियम त्याने रद्द केला. टर्नर, फिटर, मोल्डर, सुतार अशा ठरविलेल्या धंद्यांत उमेदवार घ्यावयाचा, त्याच्याशी लेखी करार करावयाचा, कराराची सरकारदरबारी नोंद करावयाची, आणि सरकार ठरवील त्याहून कमी नाही इतके विद्यावेतन त्यास दरमहा द्यावयाचे. एक बारीक कलम आम्हांस फार शहाणपणाचे वाटते : उमेदवारास नगावर पैसे द्यावयाचे नाहीत, की अधिक उत्पादनाच्या बक्षिसात ओढावयाचे नाही. ज्याने नगावर काम केले आहे त्यास याचे मर्म कळेल. नग मोजू लागले की शिकणे थांबते. मुलगा एकच भोक दिवसभर पाडीत राहतो.

याच अधिनियमाने दुसऱ्या हाताने काय काढून घेतले, तेही सांगितले पाहिजे. उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, आणि मजुरीविषयक कायदे त्यास लागू नाहीत, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. अशा रीतीने किमान वेतनाच्या कायद्यात ज्याचे नाव घातले होते, त्यास निराळ्या घरात नेऊन बसविले. घर निराळे असावयास हरकत नाही. परंतु त्या घराच्या भाकरीचा शेजारच्या घराशी काही संबंध राहिला नाही.

येथे स्वतःविषयी चार ओळी लिहिण्याची वाचकांनी परवानगी द्यावी. आम्ही १९६६ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, शहरातील एका कारखान्यात उमेदवार म्हणून राहिलो. कारखान्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. तसे तेव्हा बहुतेक सर्वच होते. नवा अधिनियम येऊन चार वर्षे झाली होती, पण त्याचे नाव आम्ही ऐकले नव्हते. उचगावाहून चालत जावयाचे आणि चालत यावयाचे. पहिले वर्षभर काही नाही. दुसऱ्या वर्षी आठवड्यास दोन रुपये, तेही शनिवारी बाजाराच्या वेळेस मालकांची मर्जी असेल तर. पहिले आठ महिने आम्ही लेथला हात लावला नाही. लोखंडाचा चुरा झाडणे, चहा आणणे आणि कानशीने घासणे एवढेच. कानस मात्र आम्ही शिकलो, आणि ते पुढे जन्मभर कामास आले, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो. आमच्या मातोश्री आम्हांस विचारीत, "शिकतोस की राबतोस?" त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता येत नसे.

याहून अवघड गोष्ट पुढची आहे. १९७८ मध्ये आम्ही उचगावच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये एका जुन्या लेथवर स्वतःचे काम सुरू केले. दोन वर्षांत हाताखाली दोन मुले आली, दोन्ही आपल्याच ज्ञातीची. त्यांस आम्ही काय दिले? दिवाळीस कपडे, दोन वेळा चहा, आणि उपदेश. आम्ही सोसले, तुम्हीही सोसा, याहून निराळा विचार आमच्या मनास शिवलाही नाही. गतवर्षीच्या सभेत बोलण्यासाठी आम्ही उठलो आणि पुन्हा खाली बसलो, ते या कारणाने.

आता अलीकडचा इतिहास, जो वृद्धांस ठाऊक नाही आणि तरुणांस अर्धवट ठाऊक आहे. कित्येक वर्षे सरकार विद्यावेतनाची ठरावीक रक्कम जाहीर करी. महागाई पुढे धावे आणि रक्कम मागे राही. २०१४ मध्ये एक मोठी सुधारणा झाली. धंदा शिकणाऱ्या उमेदवाराचे विद्यावेतन त्या त्या राज्याने अर्धकुशल कामगारासाठी ठरविलेल्या किमान वेतनाशी जोडण्यात आले : पहिल्या वर्षी ७० टक्के, दुसऱ्या वर्षी ८०, तिसऱ्या व चौथ्या वर्षी ९०. आमच्या मते उमेदवाराच्या वेतनाच्या साऱ्या इतिहासात हा एकच आकडा असा आहे, ज्यास कारागीर तर्क म्हणेल. हात जसजसा बसेल तसतसा तो कामगाराच्या जवळ जाईल. आणि कामगाराचे वाढले की उमेदवाराचे आपोआप वाढेल.

ही व्यवस्था पाच वर्षे टिकली. २०१९ च्या सप्टेंबरात नियम पुन्हा बदलले आणि विद्यावेतन किमान वेतनापासून तोडून शाळेच्या दाखल्याशी जोडण्यात आले. पाचवी ते नववी शिकलेल्यास दरमहा ५,००० रुपये, दहावी झालेल्यास ६,०००, बारावी अथवा आयटीआयचे प्रमाणपत्र असलेल्यास ७,०००, पदविकाधारकास ८,०००, पदवीधरास ९,०००. दुसऱ्या वर्षी १० टक्के व तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. हे दर साऱ्या देशास एकच. मुंबईस जे, तेच उचगावास. सर्वांत खालची रक्कम महिन्याचे २६ दिवस धरून वाटली, तर दिवसास १९२ रुपये पडतात. उलट २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत, जिच्या १८ व्यवसायांत आपले लोहार, सुतार, सोनार सारे आहेत, प्रशिक्षणास बसलेल्या कारागिरास दिवसास ५०० रुपये विद्यावेतन ठरले. एकाच लोहाराच्या घरात बाप चार दिवस प्रशिक्षणास गेला तर दिवसास ५००, आणि मुलगा वर्षभर कारखान्यात उमेदवार राहिला तर १९२! मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ५,००० ते ९,००० हे दर ६,८०० ते १२,३०० पर्यंत न्यावेत, म्हणजे ३६ टक्क्यांनी वाढवावेत, अशी शिफारस केली. रक्कम वाढावी हे योग्यच. पण दाखल्याशी घातलेली गाठ त्याने सुटत नाही.

या गाठीचा आपल्या ज्ञातीशी विशेष संबंध आहे. ज्या मुलाने सातवीत शाळा सोडली, परंतु बापाच्या भट्टीपाशी उभे राहून लोखंडाचा रंग ओळखण्यास शिकला, तो या तक्त्यात सर्वांत खाली. आणि ज्याने कधी हातोडा धरला नाही असा बारावीचा मुलगा त्याच्या दोन पायऱ्या वर. घरची विद्या या तक्त्यात शून्य आहे. शाळा सोडू नये हे आम्ही ओरडून सांगत आलो आहोत, त्यात कोणी गैरसमज करून घेऊ नये. पण मोबदला कामाचा असेल तर मोजावयाचे ते काम.

इतर देशांत काय आहे, असेही सभेत कोणी विचारले होते. इंग्लंडात, जेथून आपल्याकडे सात वर्षांची मुदत आली, तेथे उमेदवारासाठी स्वतंत्र राष्ट्रीय किमान वेतन २०१० च्या ऑक्टोबरात प्रथम ठरले, तासास अडीच पौंड. उमेदवारीचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या जर्मनीत कायद्याने किमान रक्कम आली ती १ जानेवारी २०२० पासून : पहिल्या वर्षी महिन्यास ५१५ युरो. म्हणजे पुढारलेल्या राष्ट्रांतही हे काम आमच्या डोळ्यांदेखत झाले. तेव्हा आपण फार मागे आहोत असे समजून खाली मान घालण्याचे कारण नाही, आणि "हे कोठेच नसते" असे म्हणण्यासही जागा नाही.

आता आपल्या शेडकडे. नियमाप्रमाणे ३० अथवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेस उमेदवार घेणे सक्तीचे आहे. ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेस ऐच्छिक. चारांहून कमी असतील तर ती या व्यवस्थेत बसतच नाही. आपली बहुतेक वर्कशॉपे दोन-तीन माणसांची. म्हणून आपले बंधू समजतात की, कायदा आपल्यास लागत नाही. हा समज आम्ही मुद्दाम येथे खोडून काढतो. मजुरीच्या कायद्यांतून जो वगळला आहे, तो १९६१ च्या अधिनियमाखाली रीतसर करार झालेला उमेदवार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या किमान वेतन अधिनियमाची जागा वेतन संहितेने घेतली. तीतही वगळले आहे ते अशाच उमेदवारास. ज्याचा करार नाही, नोंद नाही, त्यास आपण तोंडाने कितीही "शिकाऊ" म्हटले तरी तो कायद्याच्या दृष्टीने कामगार ठरतो, आणि कामगाराचे पुरे किमान वेतन मागू शकतो. फुकटचा उमेदवार हा कायद्याच्या पुस्तकात कोठेच नाही. तो केवळ आपल्या बोलण्यात आहे. आणि चौदा वर्षांखालील मूल तर कोणत्याही नावाने कामावर ठेवता येत नाही. ओतकामासारख्या धोक्याच्या ठिकाणी अठरांखालील मुलास उभे करणे हाही गुन्हाच होय.

मेस्त्री बंधूंची अडचण खोटी आहे, असे मात्र आम्ही म्हणत नाही. जॉबवर्कचे दर मोठे कारखाने ठरवितात. पैसे तीन-तीन महिने अडकतात. त्यात बिघडलेला नग गळ्यात येतो. तीन माणसांच्या शेडने चौथ्या हातास पगार कोठून द्यावा? यास उत्तर एकट्याने सापडणार नाही. अनेक मालकांनी एकत्र येऊन, स्वतः किंवा मान्यता मिळालेल्या संस्थेमार्फत, उमेदवारांच्या शिक्षणाची व्यवस्था करण्याची मुभा १९६१ च्या अधिनियमात आहे. नोंदलेल्या उमेदवाराच्या विद्यावेतनापैकी २५ टक्के, महिन्यास अधिकांत अधिक १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलील अशी योजना २०१६ मध्ये निघाली, आणि २०२३ पासून हा वाटा थेट मुलाच्या बँक खात्यात जमा होऊ लागला. आपल्या किती सभासदांनी याचा लाभ घेतला, याची मंडळाकडे नोंदही नाही. वसतिगृहासाठी, वधूवरमेळाव्यासाठी आपण एकत्र येतो; यासाठी का येऊ नये?

कार्यकारिणीपुढे आम्ही जे टिपण ठेवले आहे त्यात चार गोष्टी आहेत. काळ लेखी ठरवावा. दुसरे काम सांगू नये. कायद्याने ठरलेल्या रकमेखाली कोणी जाऊ नये, आणि वर्षावर्षाने वाढ द्यावी ती दाखला पाहून नव्हे, हात पाहून. आणि जेवण किंवा येण्याजाण्याचे भाडे त्याहून निराळे. पहिल्या दोन नारदाच्या आहेत, तिसरीतील वर्षावर्षाच्या वाढीची कल्पना २०१४ ची. चौथी आमच्या मातोश्रींची म्हणावी लागेल. काही ज्येष्ठांनी दुसऱ्या कलमास हरकत घेतली असून, "चहा आणणे हे दुसरे काम धरावयाचे काय?" असा प्रश्न लेखी पाठविला आहे. त्यावर चर्चा व्हावयाची आहे.

येत्या सभेपूर्वी सभासद कुटुंबांस एक विनंती आहे. ज्यांच्या घरी वडील-आजोबांच्या वर्कशॉपाच्या जुन्या रोजकीर्दी अथवा खतावण्या असतील, त्यांनी त्या मंडळाच्या कचेरीत पाहण्यासाठी द्याव्यात. नकल करून परत करण्यात येतील. उमेदवारांस कोणी, केव्हा, किती दिले याची खरी माहिती तेथेच सापडेल. आम्ही आमची १९८० सालची वही प्रथम दिली आहे. तीत त्या दोन मुलांच्या नावांची पाने आहेत. जमेच्या बाजूस त्यांनी काढलेले जॉब तारीखवार लिहिले आहेत. नावेच्या बाजूस वर्षभरात तीन नोंदी आहेत, त्यांतील दोन चहाच्या.